शेजारचे क्लेम कशाला हवेत? खनिजशोधात नव्याने येणाऱ्यांसाठी

जिऑलॉजी शिकून कॅनडात आलेली आपली मुलं पहिल्याच नोकरीत हमखास विचारतात: आहे त्या जमिनीतच अजून धड ड्रिलिंग झालेलं नाही, मग कंपनी आजूबाजूचे क्लेम, म्हणजे खनिज शोधायचा हक्क असलेले जमिनीचे तुकडे, का घेत सुटते? ऑन्टारिओत काम करताना मलाही हे कोडं होतं. एका सीनियरने हेम्लोचा किस्सा सांगितला आणि ते सुटलं.

लेक सुपिरिअरच्या उत्तरेला हेम्लो आहे. १९८१मध्ये तिथे कोरोना नावाच्या छोट्या कंपनीला सोनं लागलं. लॅक मिनरल्स या बड्या कंपनीचे लोक बघायला आले, तेव्हा कोरोनाने त्यांना ड्रिलिंगचे निकाल मोकळेपणाने दाखवले. शेजारची विल्यम्स यांची जमीन घ्यायचा विचारही बोलण्यात आला. लॅकने ती जमीन स्वतःच घेऊन टाकली आणि तिथे खाण उभी केली. गोपनीयतेचा लेखी करार नव्हता, तरीही १९८९मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती जमीन कोरोनाला द्यायला लावली. पण कोर्टाच्या पायऱ्या चढण्याची हौस कोणाला असते? म्हणून शहाण्या कंपन्या आधी शेजार ताब्यात घेतात, मग निकाल जाहीर करतात.

दुसरं कारण कागदावर मांडून बघा. सोन्याचा पट्टा उत्तरेकडे ६० अंशांनी कललेला असेल, तर ५०० मीटर खोलीवर तो जमिनीवर दिसतो तिथून जवळजवळ २९० मीटर उत्तरेला सरकलेला असतो. क्लेमचा हक्क मात्र हद्दीपासून सरळ खाली जातो. हद्द २०० मीटरवर असेल, तर खालचा माल शेजाऱ्याचा. शिवाय उद्या खाण झालीच, तर खनिज दळणाऱ्या गिरणीला, त्यातून उरलेल्या गाळाच्या तळ्याला, रस्त्याला जागा लागते, ती वेगळीच.

आता पैशांचं. पूर्वी ऑन्टारिओत रानात जाऊन खुंट रोवावे लागत. २०१८पासून सरकारी ऑनलाइन नकाशावर चौकोन निवडायचा, ५० डॉलर भरायचे, झालं. घेणं स्वस्त, सांभाळणं महाग: पुढे प्रत्येक चौकोनामागे वर्षाला ४०० डॉलरचं शोधकाम दाखवावं लागतं. ५०० चौकोन म्हणजे २ लाख डॉलर. एका ठिकाणी जास्त ड्रिलिंग झालं, तर तो जादा खर्च लागून असलेल्या क्लेमवर वळवता येतो, म्हणून सलग जमिनीला भाव.

आणि हो, काही वेळा हे सगळं नुसतं शेअर हलवायला असतं. शेजाऱ्याला काही लागलं की भोवतीची जमीन घ्यायची आणि ‘अमुक शोधाच्या लगत’ अशी बातमी सोडायची. अशा कंपनीत मुलाखतीला जात असाल, तर नवे क्लेम भूचुंबकीय नकाशावर (जमिनीखालच्या खडकांचं चुंबकत्व दाखवणारा नकाशा) टाकून बघा. ते पट्ट्याच्या दिशेने पसरलेत की नुसतेच चौफेर, हे पाच मिनिटांत दिसतं. मग यंदाचं ड्रिलिंगचं बजेट किती, ते सरळ विचारा.

जमीन दुसऱ्याकडून ऑप्शनवर, म्हणजे ठरलेल्या अटी पुऱ्या केल्यावर मालकी मिळवण्याच्या करारावर, घेतलेली असेल, तर करारातलं ‘एरिया ऑफ इंटरेस्ट’चं कलम वाचल्याशिवाय नकाशावर एकही चौकोन निवडू नका. हद्दीपासून ठरावीक अंतरात तुम्ही घेतलेला क्लेम त्या कलमामुळे मूळ करारात जाऊ शकतो, आणि मूळ मालकाची रॉयल्टी त्यालाही लागू होऊ शकते.