बाजारात कोंबडी भाजून दाखवताना
बाभळीचा कोळसा पेटवल्यावर निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत थांबा, मगच जाळी ठेवा. गर्दी जमली म्हणून घाई केली, की तंगडी वरून काळी पडते अन् हाडाशी कच्ची राहते.

१ किलो तंगड्यांना हाडापर्यंत चिरा द्या. २ चहाचे चमचे मीठ, वाटीभर घट्ट दही, आलं-लसूण आणि भिवापुरी तिखट चोळून ४ तास बर्फाच्या डब्यात ठेवा. बाजारातल्या उन्हात उघडं ठेवणं धोक्याचं!

निखारे जाळीखाली एका बाजूला ओढा. रिकाम्या बाजूवर झाकण घालून तंगड्या २५-३० मिनिटं भाजा, शेवटी थेट निखाऱ्यांवर रंग आणा. तेल टपकलं की भडका उडतो, म्हणून हलकंच लावा. हाडाजवळ थर्मामीटरवर ७४ अंश सेल्सिअस दिसलं की उतरवा. कच्च्याचा चिमटा शिजलेल्याला लावू नका.