कोठडीतील मारहाणीबद्दल शासनाला न्यायालयात जाब कसा विचारावा

पोलीस कोठडीत आपल्या माणसाला मारहाण झाली की बहुतेक कुटुंबे संबंधित हवालदाराच्या निलंबनाची मागणी करतात आणि निलंबनाचा आदेश निघाला की थांबतात. निलंबन ही खात्याची अंतर्गत बाब आहे. कोठडीतील माणसाच्या जिवाची जबाबदारी मात्र शासनाची असते आणि ती शासनाकडेच मागावी लागते.

त्यासाठी सर्वप्रथम जखमांची नोंद झाली पाहिजे. अटकेतील व्यक्तीची वैद्यकीय तपासणी कायद्याने बंधनकारक आहे, पण सांगली किंवा सातारा सिव्हिलमध्ये आणलेला माणूस शेजारी उभ्या असलेल्या शिपायाच्या धाकाने ‘पडलो’ असे सांगतो आणि कागदावर तेच उतरते. असे घडले असल्यास चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले जाईल तेव्हा वळ प्रत्यक्ष दाखवावेत, ‘मारहाण झाली’ असे स्पष्ट सांगावे आणि पुन्हा तपासणीचा आदेश मागावा. वळाची जागा, लांबी आणि रंग अहवालात आले, तर ते पुढे कोणालाही पुसता येत नाहीत.

पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांकडे लेखी द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा, कारण त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागताना ही पोहोचच उपयोगी पडते. त्याच अर्जात तारीख आणि वेळ लिहून सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी करावी. पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रीकरण 18 महिने, किमान एक वर्ष, जतन करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला आहे.

मृत्यू झाला असल्यास पोलीस तपासाखेरीज दंडाधिकाऱ्यांची स्वतंत्र चौकशी अनिवार्य ठरते. तिला नातेवाइकांनी हजर राहावे आणि शवविच्छेदनाच्या चित्रीकरणाचा आग्रह धरावा.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे अर्ज करणे सोपे आहे, मात्र घटनेला एक वर्ष उलटल्यानंतर आयोग चौकशी करू शकत नाही आणि त्याचा निष्कर्ष शिफारशीच्या स्वरूपाचा असतो. म्हणून केवळ आयोगावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा जाब उच्च न्यायालयात, संविधानाच्या अनुच्छेद 226 खालील रिट याचिकेत, म्हणजे हक्कभंगाबद्दल थेट उच्च न्यायालयाकडे केलेल्या अर्जात, विचारता येतो. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्याने सातारा-सांगलीच्या पक्षकारांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. ओडिशातील नीलाबती बेहेरा यांनी कोठडीत मृत्यू पावलेल्या मुलाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले होते. तेच याचिका मानून न्यायालयाने 1993 मध्ये राज्याला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि मूलभूत हक्कांच्या भंगात सार्वभौमत्वाच्या संरक्षणाचा बचाव, म्हणजे शासनाच्या सार्वभौम कामाबद्दल भरपाई मागता येत नाही हा युक्तिवाद, चालत नाही, असे ठरवले. या भरपाईमुळे फौजदारी खटला थांबत नाही, त्यामुळे दोन्ही मार्ग एकाच वेळी चालवावेत.

वकिलाच्या खर्चाच्या भीतीने याचिका टाळू नये. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडून अटकेतील व्यक्तीला, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यामुळे आई किंवा पत्नी याचिकाकर्ती असेल, तर अर्ज तिच्याच नावाने करावा.