खेळणं थांबतंय आणि कोच व्हायचंय? बेंचवरूनच सुरुवात करा

ठाणे, कळवा, ऐरोली पट्ट्यात कबड्डी खेळणारी कितीतरी पोरं तिशीच्या आसपास थांबतात, गुडघा कुरकुरतो, शिफ्ट आडवी येते, मग "आता कोचिंग करीन" म्हणतात. करा ना, नक्की करा! पण कसं, ते अमेरिकन फुटबॉलवाल्या डग पीडरसनकडे बघून शिकण्यासारखं आहे.

हा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा, पण बरीच वर्षं राखीवच. ग्रीन बे पॅकर्स या टीममध्ये त्याच्या पुढे ब्रेट फार्व, ज्याच्या नावावर सलग २९७ मॅच स्टार्ट केल्याचा रेकॉर्ड आहे, मग नंबर लागणार कधी?

तर पहिलं काम, अजून खेळताय तोवर एक वही ठेवा. बेंचवर बसून लिहा, समोरचा चढाईपटू कुठल्या पायाने आत येतो, बोनसला कधी जातो, तीनच गडी उरले की आपला कोपरारक्षक सुपर टॅकलसाठी घाई करतो का. खेळणाऱ्याला हे दिसत नाही, राखीवाला दिसतं.

मग खालून सुरू करा. पीडरसन रिटायर झाल्यावर २००५ ला लुइझियानात एका शाळेच्या टीमचा कोच झाला आणि चार सीझन तिथेच राहिला. तुम्हीपण मंडळाचा किशोर गट किंवा जवळची शाळा धरा, मोठ्या टीमची वाट बघू नका. मोबाईलवर मॅच शूट करा, रात्री पोरांना दोनच चुका दाखवा, दहा दाखवल्या तर एकही लक्षात राहत नाही. सोबत कागदपण लागतो, पटियालाच्या एनआयएसचा, म्हणजे सरकारी क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स किंवा डिप्लोमा, अटी त्या वर्षीच्या नोटिशीत बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या कोचशी वाकडं घेऊ नका. १९९९ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स टीमचा कोच अँडी रीडने पीडरसनला नऊ मॅचनंतर बसवून नवख्या डोनोवन मॅकनॅबला उतरवलं होतं, केवढं लागलं असेल मनाला! पण २००९ मध्ये ईगल्सच्या स्टाफमध्ये घेतलं ते रीडनेच, तेही अगदी खालच्या पायरीवर, क्वालिटी कंट्रोलच्या, म्हणजे मॅचचे व्हिडिओ बघून टिपणं काढायच्या कामावर. पुढे २०१६ ला पीडरसन ईगल्सचा हेड कोच झाला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये पॅट्रियट्सना ४१-३३ हरवून ईगल्सला पहिला सुपर बोल, म्हणजे तिकडच्या लीगची फायनल, जिंकून दिला, तोही निक फोल्स या राखीव क्वार्टरबॅकला घेऊन.

म्हणून तुमच्या सरांना आजच फोन लावा, आणि पद मागू नका, "सर, वॉर्मअप आणि व्हिडिओचं काम मी बघतो" एवढंच म्हणा.