मराठी ब्लॉग गुगलवर सापडावा म्हणून: आधी काय तपासायचं, मग काय लिहायचं

एसईओ, म्हणजे साइट सर्चमध्ये वर आणण्याची खटपट, म्हटलं की बहुतेकजण थेट कीवर्ड (लोक शोधतात ते शब्द) आणि बॅकलिंककडे (दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या दुव्यांकडे) वळतात. छोट्या मराठी साइटचं घोडं पेंड खातं ते बहुधा त्याच्या कितीतरी आधी. पान गुगलच्या इंडेक्समध्येच (शोधासाठी साठवलेल्या पानांच्या यादीत) नसतं, किंवा असूनही त्यावरचा मजकूर यंत्राला वाचता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: पान दिसतंय का, वाचता येतंय का, आणि मग ते कुणाच्या प्रश्नाचं उत्तर देतंय.

पान इंडेक्समध्ये आहे का

गुगल सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारं साधन, फुकट आहे आणि छोट्या साइटला लागणारं जवळजवळ सगळं त्यात मिळतं. स्वतःचं डोमेन असेल तर 'डोमेन' प्रकारची प्रॉपर्टी उघडा. गुगल एक टीएक्सटी रेकॉर्ड (मालकी पटवणारी मजकुराची ओळ) देतं, तो डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएस (डोमेन सर्व्हरशी जोडणाऱ्या) सेटिंगमध्ये टाकायचा. यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला, दोन्ही पत्ते एकत्र मोजले जातात. मोफत ब्लॉगस्पॉट पत्ता असेल तर डीएनएस तुमच्या हातात नसतं, तिथे 'यूआरएल प्रीफिक्स' प्रकार वापरा.

मग वरच्या चौकटीत आपल्या एखाद्या महत्त्वाच्या पानाचा पूर्ण पत्ता टाकून 'यूआरएल इन्स्पेक्शन' करा. सर्चमध्ये 'साइट' आणि कोलन (site:) यांपुढे आपला पत्ता लावून आलेले आकडे अंदाजे असतात, त्यावर विसंबू नका. खरं उत्तर इन्स्पेक्शनमध्ये मिळतं.

पान इंडेक्समध्ये नसेल तर कारण बहुधा यांपैकी एक निघतं.

वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमधल्या 'रीडिंग' पानावर सर्च इंजिनांना परावृत्त करणारी एक चौकट असते. साइट बांधताना ती टिक केलेली असते आणि साइट सुरू झाल्यावर काढायची राहते. साधी गोष्ट, पण सगळ्यात आधी हीच पाहा. ब्लॉगरमध्ये सेटिंग्जमधला 'प्रायव्हसी' विभाग आणि 'कस्टम रोबोट्स हेडर टॅग्ज' हे दोन्ही बघा. दुसरीकडे कुठेतरी वाचून तिथे 'नोइंडेक्स' (हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका ही सूचना) चालू करून ठेवणारे पुष्कळ आहेत.

दुसरा घोळ रोबोट्स डॉट टीएक्सटी (सर्च इंजिनांनी कोणती पानं उघडायची नाहीत ते सांगणारी साइटवरची फाइल) आणि नोइंडेक्स यांच्यातला. रोबोट्स फाइल गुगलला पान उघडण्यापासून थांबवते, इंडेक्स करण्यापासून नाही. बाहेरून दुवे असतील तर न उघडलेलं पानही निकालात झळकू शकतं. पान काढून टाकायचं असेल तर त्यावर नोइंडेक्स लावा आणि रोबोट्स फाइलमध्ये ते मोकळं ठेवा. दोन्ही एकदम लावलं तर गुगल पान उघडतच नाही, त्यामुळे आतली नोइंडेक्सची सूचना त्याला कधी कळत नाही. रोबोट्स फाइलमध्येच नोइंडेक्स लिहिण्याची जुनी युक्ती गुगलने 1 सप्टेंबर 2019 पासून मानणं बंद केलं आहे.

'डिस्कव्हर्ड' असं म्हणून 'नॉट इंडेक्स्ड' लिहिलं असेल तर पत्ता माहीत आहे, पण गुगल अजून तिथे आलेलं नाही. 'क्रॉल्ड' लिहून 'नॉट इंडेक्स्ड' असेल तर येऊन, वाचून, सध्या ठेवायचं नाही असं ठरवलं आहे. या दोन्हींचे उपाय वेगळे. पहिल्यात त्या पानाकडे साइटच्या आतून दुवे वाढवा. दुसऱ्यात मजकुराकडे बघावं लागतं: तोच मजकूर दुसऱ्या पानावर आहे का, चार ओळींचंच पान आहे का, एकाच पोस्टसाठी पाच टॅग लावल्यामुळे पाच रिकामी टॅगपानं तयार झाली आहेत का. 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' एकदा दाबून सोडून द्या, पुन्हा पुन्हा दाबल्याने रांग पुढे सरकत नाही. काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागणं नेहमीचं आहे.

ब्लॉगरवर पत्त्याच्या शेवटी '?m=1' अशी शेपटी असलेली पानं 'इंडेक्स नाही' या यादीत दिसतात. ती मोबाइलची प्रत असते. मूळ पान इंडेक्समध्ये असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करा.

साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी, एकदा सर्च कन्सोलमध्ये टाकला की पुरे. वर्डप्रेस 5.5 पासून तो आपोआप बनवतं. एका साइटमॅपमध्ये 50,000 पत्ते मावतात, म्हणजे तुमची काळजी मिटली. त्यातले 'प्रायॉरिटी' आणि 'चेंजफ्रीक्वेन्सी' हे रकाने गुगल बघत नाही. शेवटच्या बदलाची तारीख मात्र बघतं, ती खरी असेल तरच. मजकूर न बदलता तारीख रोज ताजी करणारी प्लगिनं या एका उपयोगी रकान्याचीही पत घालवतात.

मजकूर यंत्राला वाचता येतोय का

हा मराठीचा खास प्रश्न. जुन्या डीटीपी (छपाईच्या) फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण आतून ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. गुगलला तिथे मराठीचा एक शब्दही दिसत नाही. तपासणी सोपी आहे: पानावरची एक ओळ कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवा. मराठी दिसली तर युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत), कचरा दिसला तर जुना फाँट. दिवाळी अंकांचे जुने लेख, संस्थांची माहितीपत्रकं आणि प्रेसकडून आलेल्या पीडीएफ यांत हे फार आढळतं. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, पण जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला.

पाककृती किंवा दरपत्रक चित्र म्हणून टाकणं हा त्याचाच धाकटा भाऊ. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला पोस्टर हवं तर ठेवा, मात्र खाली तोच मजकूर टाइप केलेला हवा.

एक बारीक गोष्ट: 'ॲप' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, ॲ या एकाच अक्षराने किंवा अ वर चंद्र देऊन. 'दुसऱ्या'तल्या अर्ध्या र चंही तसंच. डोळ्याला फरक नाही, पण आतले कोड वेगळे. आपल्या साइटवरच्या शोधचौकटीत आणि सर्च कन्सोलच्या फिल्टरमध्ये ते वेगवेगळे शब्द धरले जाऊ शकतात. लिहिताना एकच पद्धत ठेवा आणि आकडेवारी गाळताना दोन्ही रूपं टाकून पाहा.

पत्ता

देवनागरी पत्ता गुगलला चालतो, रँकिंगमध्ये त्याचा तोटा नाही. अडचण व्यवहारातली आहे. पत्त्यातलं एकेक देवनागरी अक्षर, काना-मात्रासुद्धा, एन्कोड झाल्यावर 9 रोमन चिन्हांची जागा खातं. वर्डप्रेस स्लगला (पत्त्याच्या शेवटच्या, शीर्षकातून बनणाऱ्या भागाला) 200 चिन्हांची मर्यादा घालतं, म्हणजे जेमतेम 22 अक्षरं. 'दापोलीजवळ समुद्रकिनारी राहण्यासाठी घरगुती निवास' या शीर्षकाचा आपोआप बनलेला स्लग तिसऱ्या शब्दाच्या सुरुवातीलाच तुटतो. आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते, जिच्यावर क्लिक करायला माणूस कचरतो. ब्लॉगरमध्ये उलटं होतं: पूर्ण मराठी शीर्षक दिलं की पत्ता नुसता 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडे असा बनतो.

दोन्हींवर उपाय एकच. प्रकाशित करण्याआधी रोमन लिपीतला दोन-चार शब्दांचा पत्ता हाताने लिहा, शब्दांमध्ये आडवी रेघ, आणि वर्षाचा आकडा नको. जुने पत्ते मात्र हौसेने बदलत बसू नका. बदलायचेच असतील तर जुन्यावरून नव्याकडे 301 पाठवणी (जुना पत्ता उघडणाऱ्याला कायमचं नव्यावर नेणारी सूचना) लावा आणि ती किमान वर्षभर ठेवा. वर्डप्रेस पोस्टचा स्लग बदलल्यावर अशी पाठवणी आपोआप करतं, 'पेज'च्या बाबतीत त्यावर विसंबू नका.

लोक काय टाइप करतात

मराठी वाचक एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारतो: देवनागरीत, रोमन लिपीत मराठी, आणि इंग्रजी शब्दांच्या शेवटी 'इन मराठी' लावून. तुमचं पान यांतल्या कशाकशाला दिसतंय ते अंदाजाने ठरवू नका. सर्चच्या चौकटीत तिन्ही तऱ्हांनी अर्धा प्रश्न टाइप करा आणि खाली काय सुचवलं जातं ते टिपून घ्या. गुगल ट्रेंड्समध्ये प्रदेश महाराष्ट्र निवडून दोन शब्दांची तुलना करा. 'घरगुती निवास' शुद्ध आहे खरं, पण लोक 'होमस्टे' शोधत असतील तर शीर्षकात होमस्टे हवा. निवास मजकुरात येऊ द्या. रोमन शब्दांची माळ पानाच्या तळाशी चिकटवणं मात्र टाळा, ती कीवर्ड ठासण्यातच जमा होते. मेटा कीवर्डचा (पानाच्या कोडमध्ये कीवर्ड लिहिण्याचा) रकाना तर रिकामाच सोडा. गुगल तो वापरत नाही, हे त्यांनी 2009 मध्येच सांगून टाकलं आहे.

शीर्षकात महत्त्वाचा शब्द पहिल्या पाच-सहा शब्दांत आणा, कारण मोबाइलवर पुढचं कापलं जातं. टायटल टॅग (सर्चच्या निकालासाठी दिलेलं शीर्षक) आणि पानावरचा मोठा मथळा यांत विसंगती असेल तर गुगल स्वतःच वेगळं शीर्षक दाखवू शकतं. निकालात शीर्षकाखाली दिसण्यासाठी दिलेल्या वर्णनाने रँकिंग वाढत नाही, क्लिक वाढू शकतात. तिथे साइटची स्तुती नको, ठोस माहिती हवी: 'दोन खोल्या, किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटं, मासळीचं जेवण आदल्या दिवशी सांगावं लागतं.'

एसईओ प्लगिनं कीवर्ड मोजून दाखवतात त्या हिरव्या दिव्याचं फार मनावर घेऊ नका. 'दापोलीत', 'दापोलीला', 'दापोलीच्या' हा एकच शब्द आहे हे अशा मोजण्यांना बऱ्याचदा कळत नाही. दिवा हिरवा करण्यासाठी 'दापोली होमस्टे दापोली' असली वाक्यं लिहिली की वाचक पळतो.

सणांच्या विषयांना वेळापत्रक लागतं. उकडीच्या मोदकांचा लेख गणेश चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात टाकला तर इंडेक्स होऊन वर येईपर्यंत गणपती गावाला गेलेले असतात. दोन-तीन महिने आधी टाका, आणि पुढच्या वर्षी नवं पान न काढता तेच सुधारा.

महिन्यातून एकदा करायचं काम

सगळ्यात जास्त फळ इथे आहे, त्यामुळे वेळ इथे घाला. सर्च कन्सोलमध्ये 'परफॉर्मन्स' उघडा, शेवटचे तीन महिने निवडा, सरासरी स्थान आणि सीटीआर (दिसल्यावर किती टक्के वेळा क्लिक झालं) या दोन्ही चौकटी चालू करा. शोधांच्या यादीत स्थान 7 पेक्षा जास्त आणि 20 पेक्षा कमी असं गाळून इंप्रेशननुसार (निकालात किती वेळा दिसलं त्यानुसार) लावा. ही यादी म्हणजे गुगल तुम्हाला उत्तर म्हणून विचारात घेतंय, पण पुरेसा विश्वास नाही असे प्रश्न.

प्रत्येक शोधावर क्लिक करून 'पेजेस' बघा. तिथे दोन पानं आलटूनपालटून दिसत असतील तर ती एकमेकांच्या वाटेत येत आहेत. चांगल्या पानात दोन्हींचा मजकूर एकत्र करा आणि दुसरं 301 ने तिकडे वळवा. एकच पान असेल तर ते उघडून स्वतःला विचारा, या शोधाचं उत्तर इथे सरळ दिलंय का? 'दापोली होमस्टे पार्किंग'साठी पान दिसतंय आणि पानावर पार्किंगचा उल्लेखच नाही, असं सर्रास असतं. एक उपमथळा आणि त्याखाली चार नेमकी वाक्यं घाला. मग साइटवरच्या जवळच्या विषयाच्या दोन-तीन पानांतून इकडे दुवा द्या. दुव्याचे शब्द 'इथे क्लिक करा' नकोत, 'दापोलीतल्या पार्किंगची सोय' असे हवेत.

स्थान 1 ते 4 आणि तरीही क्लिक कमी, तर मजकुराला हात न लावता शीर्षक आणि वर्णन बदला. बदलाची तारीख वहीत लिहा आणि 28 दिवसांनी तुलना करा. त्याआधी नाही.

विरळ शोध गोपनीयतेसाठी लपवले जातात, म्हणून यादीची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही. तिथे चूक शोधत बसू नका. आकडेवारी 16 महिन्यांचीच राहते, त्यामुळे दरवर्षी एकदा ती उतरवून ठेवा.

वेग

गुगलचे तीन मापदंड आहेत: मुख्य भाग 2.5 सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद 200 मिलिसेकंदांत यावा, आणि पान हलण्याचा आकडा 0.1 च्या आत असावा. छोट्या साइटवर बिघाड बहुतेकदा फोटोंमुळे होतो. फोनमधला 4 एमबीचा फोटो तसाच चढवू नका. रुंदी 1200 पिक्सेल, वेबपी (हलक्या चित्रांचा) प्रकार, शक्यतो 150 केबीच्या आत. चित्राची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहिलेली असावी, जाहिरातीला आधीच जागा राखलेली असावी, म्हणजे वाचता वाचता ओळ खाली सरकत नाही. पहिल्याच मोठ्या चित्राला लेझी लोडिंग (गरज पडेपर्यंत चित्र न उतरवणं) लावू नका. देवनागरी फाँट जोडाक्षरांमुळे जड असतात, एकच कुटुंब आणि दोनच वजनं (अक्षरांच्या जाड्या) पुरतात.

पेजस्पीड इन्साइट्समध्ये (गुगलच्या वेग तपासण्याच्या साधनात), वाचक कमी असतील तर प्रत्यक्ष वापराची माहिती नसते, फक्त चाचणीचे गुण दिसतात. ते 100 करण्यात आठवडा घालवण्यात अर्थ नाही.

दुवे विकत घेणं, आणि वाचक अचानक घटले तर

'हजार बॅकलिंक अमुक रुपयांत' अशा मेलना उत्तर देऊ नका. रँकिंगसाठी दुवे विकत घेणं गुगलच्या स्पॅम धोरणात बसतं. पैसे घेऊन तुम्ही कुणाला दुवा दिला तर त्यावर 'स्पॉन्सर्ड' खूण हवी. मार्च 2024 पासून रँकिंगसाठी घाऊक मजकूर पाडण्यावरही स्पष्ट धोरण आहे, मग तो यंत्राने लिहिलेला असो की माणसाने.

वाचक घटले तर आधी इंप्रेशन घटली की फक्त क्लिक, ते पाहा. इंप्रेशन तीच आणि स्थानही तेच असेल तर निकालपानाचं रूप बदललं असण्याची शक्यता जास्त. ठरावीक पानांचीच घसरण असेल तर आधी ती इंडेक्समध्ये आहेत का ते तपासा. गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना केली की ऋतूमुळे झालेली घट वेगळी निघते. सगळीच साइट एकदम खाली आली असेल तर गुगल सर्च स्टेटस डॅशबोर्डवर कोअर अपडेट (रँकिंगच्या पद्धतीतला मोठा बदल) सुरू आहे का बघा. सुरू असेल तर ते संपून पूर्ण एक आठवडा जाईपर्यंत काहीही बदलू नका. त्यानंतर अपडेटच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा शेजारी ठेवून सगळ्यात जास्त घसरलेल्या पानांपासून सुरुवात करा.