धमकीमुळे कटात ओढले गेलात? बचाव घेताना या चुका टाळा

‘मला धमकावलं म्हणून मी गेलो’ हे अगदी खरं असलं तरी कोर्टात बहुतेकदा टिकत नाही. धमकीखाली केलेल्या कृत्याला सूट देणारं भारतीय न्याय संहितेचं कलम 32 (1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्यांसाठी दंड संहितेचं कलम 94) नुसती भीती धरत नाही. कृत्य करतानाच, नाही म्हटलं तर तात्काळ जीव जाईल, अशी रास्त धास्ती हवी.

कटाच्या खटल्यात बचाव कोसळतो तो इथेच. समजा, एका ड्रायव्हरला सोमवारी फोन येतो, ‘शुक्रवारी गाडी आणली नाहीस तर बघून घेऊ.’ तो शुक्रवारी गाडी नेतो. मधले तीन दिवस तो कामावर गेला, घरी जेवला, झोपला. सरकारी वकील त्या तीन दिवसांवरच बोट ठेवणार. म्हणून ‘सतत दडपणाखाली होतो’ असं मोघम सांगू नका. कोणत्या तारखेला कोण समोर होतं, हत्यार होतं का, निसटता आलं असतं का, हे एकेक करून वकिलाला सांगा.

दुसरी चूक म्हणजे दोन बचावांची सरमिसळ. कलम 61 नुसार कटाला दोघांची तरी सहमती लागते. भीतीपोटी नुसती मान डोलावली असेल, तर सहमती झालीच नाही हा मुद्दा आधी घ्या. ती शाबित करायचं ओझं सरकारी पक्षावरच राहतं. कलम 32 चा अपवाद मागितलात की साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 108 प्रमाणे ते ओझं तुमच्यावर येतं. मात्र तुमची बाजू अधिक संभवनीय दिसली तरी पुरतं.

मुलाच्या जिवाची धमकी होती, असं अनेकजण सांगतात. ऐकून पोटात कालवतं, पण कलमाचे शब्द धमकावलेल्या व्यक्तीच्या स्वतःच्या मृत्यूबद्दल आहेत, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नका. खून आणि मृत्युदंडाची शिक्षा असलेले राज्याविरुद्धचे गुन्हे तर या संरक्षणाच्या बाहेरच आहेत.

टोळीत स्वतःहून शिरलात, तरी दार बंद. कलमातलंच उदाहरण घ्या: दरोडेखोरांनी पकडून, जिवे मारायची धमकी देऊन ज्याला दार फोडायला लावलं, त्या लोहाराला संरक्षण आहे. पण मार बसेल या भीतीने, टोळी कसली आहे हे माहीत असूनही जो सामील झाला, त्याला नाही.

आणि धमकीचे मेसेज घाबरून डिलीट करू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. मूळ फोन जपा, प्रत द्यायची तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा.