जुन्या गाडीला नवे टायर घेताना या चुका टाळा

‘बसतोय की, अजून काय पाहिजे?’ टायरच्या दुकानात हे वाक्य ऐकलं की मी पाकीट खिशात परत ठेवतो. रिमवर चढला म्हणजे टायर गाडीला चालला असं होत नाही. हे मी वडिलांच्या अ‍ॅम्बेसेडरवर शिकलो, आणि शिकवणीची फी जरा जास्तच पडली.

चारपैकी दोन टायर पार गोटा झाले होते. दुकानदाराने दोन रेडियल दिले आणि ‘नवे टायर नेहमी पुढे’ म्हणत पुढेच चढवले. मागे जुने क्रॉसप्लाय तसेच. कोरड्या रस्त्यावर गाडी अशी छान चालली की मी खूश. मग जूनच्या पहिल्या पावसात साताऱ्याहून परत येताना जुन्या कात्रज घाटाच्या उतारावर एका वळणात मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला. गाडीचं तोंड वळलं, बूड मात्र सरळ निघालं. समोरून एसटी येत नव्हती, म्हणून निभावलं.

घोटाळा आतल्या दोऱ्यांचा होता. क्रॉसप्लायमध्ये दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांवर फुली मारून जातात. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असतात आणि नक्षीखाली वेगळा पट्टा असतो. वळणावर रेडियलची बाजू लवते, पण नक्षी रस्त्याला चिकटून राहते. क्रॉसप्लाय अख्खाच पिळला जातो. त्यामुळे माझी पुढची चाकं धरून होती आणि मागची सुटली. एकाच अ‍ॅक्सलवर, म्हणजे डाव्या-उजव्या जोडीत, एक रेडियल, एक क्रॉसप्लाय हे तर कधीच नको. नाइलाजाने दोनच घ्यायचे असतील तर रेडियल मागे. मी म्हणेन मिसळूच नका, आणि स्टेपनीही त्याच जातीची घ्या. नाहीतर पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला तुम्ही स्वतःच्या हाताने तीच खिचडी कराल.

दुसरी चूक आकड्यांची. अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या टायरवर ५.९०-१५ असं असतं. म्हणजे टायरची रुंदी ५.९० इंच आणि रिमचा व्यास १५ इंच. उंचीचा, म्हणजे रिमपासून नक्षीपर्यंतच्या बाजूचा, आकडाच नाही, कारण त्या काळी ही उंची जवळपास रुंदीएवढीच असायची. दुकानदार यातले फक्त ‘पंधरा’ ऐकतो आणि शेल्फवरचा १८५/६५ आर १५ काढतो, कारण हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना तो लागतो.

आता वहीत हिशोब मांडा. ५.९०-१५ च्या जागी साधारणपणे १६५/८० आर १५ धरतात. रुंदी १६५ मिलिमीटर, उंची तिच्या ८० टक्के म्हणजे १३२. वर-खाली मिळून २६४. रिमचे ३८१ मिळवले की व्यास ६४५ मिलिमीटर. तोच हिशोब १८५/६५ ला लावला तर ६२१.५. जवळजवळ चार टक्के कमी. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ५८ च्या आतच असेल, इंजिन जास्त फिरेल आणि पोट स्पीडब्रेकरला सेंटीमीटरभर आणखी जवळ येईल. आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता तो सेंटीमीटर मोलाचा आहे.

यावर एखादा हुशार दुकानदार १९५/६५ आर १५ पुढे करतो. त्याचा व्यास ६३४.५, म्हणजे बराच जवळ. पण त्या टायरला निदान साडेपाच इंच रुंद रिम लागते. जुन्या गाड्यांच्या रिमा त्याहून बऱ्याच अरुंद असतात. अशा रिमवर तो फुगून बसतो, कडा उचलल्या जातात आणि नक्षी मधूनच झिजते. शिवाय पॉवर स्टेअरिंग नसलेली गाडी लक्ष्मी रोडला पार्किंगमध्ये घालताना खांदे बोलू लागतात. पूर्ण स्टेअरिंग कापल्यावर टायर मडगार्डला घासतो तो वेगळाच.

प्रीमियर पद्मिनीवाल्यांची रिम १४ इंची, टायर ५.२०-१४. तिथे मी जुन्या-नव्या मापांच्या कोष्टकांवर विसंबत नाही. शक्य असेल तर मूळ मापाचा एक जुना टायर शोधा. हवा भरून, गाडीला लावून त्यावर आणि फरशीवर खडूने एकेक खूण करा. गाडी हळूच पुढे ढकला, टायरवरची खूण पुन्हा खाली आली की तिथे दुसरी रेघ ओढा आणि टेपने मधलं अंतर मोजा. नव्या टायरचा व्यास गुणिले ३.१४ या अंतराच्या जवळपास यायला हवा. गाडीच्या वजनाने टायर थोडा दबतो, म्हणून फरशीवरचं माप किंचित कमी भरेल. रिमची रुंदी मात्र टायर उतरवल्यावर आतल्या कडांमध्येच मोजायची, बाहेरून नाही.

मापापुढे एक आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ ८२ टी. ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलोपर्यंत भार, टी म्हणजे ताशी १९० पर्यंत वेग. वेगाची काळजी आपल्याला नाही, भाराची आहे. पाच माणसं आणि डिकीत सामान म्हटलं की मागच्या चाकांवर जास्त वजन येतं. सगळं वजन चाराने भागून समाधान मानू नका.

तिसरी चूक खास आपली, पुणेरी. ‘अजून नक्षी आहे की!’ गाडी वर्षातून मोजक्या वेळा निघते, दसऱ्याला झेंडूचा हार घालून एक चक्कर मारते, मग नक्षी झिजणार कशी? रबर मात्र पार्किंगमध्येही म्हातारं होतं. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. ३४०९ म्हणजे २००९ सालचा ३४ वा आठवडा. फक्त तीन आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. बऱ्याचदा ही तारीख आतल्या बाजूला असते. मी विजेरी घेऊन गाडीखाली आडवा झालो तेव्हा कळलं, आमची ‘नवीकोरी’ स्टेपनी अठरा वर्षांची होती. बाजूला बारीक चिरा दिसल्या किंवा नख दाबून रबर जराही दबलं नाही, तर नक्षी कितीही असो, टायर गेला. कायद्याला १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, पण वय त्यात कुठेच मोजलेलं नाही. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर, घाटात जाणाऱ्या गाडीला नकोच.

ट्यूबलेसचा मोह होतो. आजच्या रिमला आत एक उंचवटा असतो, तो टायरची कड धरून ठेवतो. जुन्या रिमला बहुधा तो नसतो, त्यात गंज. तेव्हा ट्यूब टाका, पण नवी आणि रेडियलला चालणारी. जुनी ताणलेली ट्यूब आत घडी पडून फुटते.

हवेचं म्हणाल तर जुन्या मॅन्युअलमधले आकडे क्रॉसप्लायचे आहेत; रेडियलला थोडी जास्त लागते. आणि रेडियल खाली जरा फुगलेला दिसतोच, त्याला ‘हवा कमी आहे’ समजून ठासून भरू नका. डोळ्याने नाही, गेजने बघा, टायर गार असताना.

क्रॉसप्लाय घ्यायचाच नाही असं मी म्हणत नाही. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला विंटेज गाड्यांचा ‘व्हीए’ नंबर घेतलात, तर ती रोज चालवायची नाहीच. प्रदर्शन, रॅली, देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर निघणार. तिला क्रॉसप्लाय शोभतोही. महाबळेश्वरला घरच्यांना घेऊन जाणार असाल तर रेडियल.

नवे टायर पहिले दोनेकशे किलोमीटर थोडे निसरडे असतात, साच्यातलं तेलकटपण जायला वेळ लागतो. म्हणून पहिल्याच रविवारी सिंहगडाचा घाट नको. पानशेतला सावकाश जाऊन या, आणि घरी आल्यावर चाकांचे नट पान्ह्याने पुन्हा एकदा आवळा. माझ्या गाडीचे दोन नट सैल निघाले होते.