चुंबकाचे प्रयोग मांडण्यापूर्वीची तयारी

सामान काढण्याआधी टेबल तपासा. वरून लाकडी दिसणाऱ्या टेबलाला खाली लोखंडी चौकट असते, कोपऱ्यांत स्क्रू असतात आणि होकायंत्राची सुई त्यांच्याकडेही वळते. होकायंत्र टेबलावर ठेवून हळूहळू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवा. सुईची दिशा वाटेत बदलली, तर ती जागा बाद. हाच तपास जमिनीवरही करा, कारण काँक्रीटमध्ये लोखंडी सळया असतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जेमतेम २५ ते ६५ मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक), त्यामुळे इतर कशाचाही प्रभाव त्याच्यावर सहज मात करतो. मोबाइल, स्पीकर, लोखंडी कात्री आणि उरलेले चुंबक निदान अर्धा मीटर लांब ठेवा.

आता होकायंत्रं. निदान दोन घ्या आणि शेजारी कुठलाही चुंबक नसताना ती एकाच दिशेला वळतात का, हे एकेक करून पाहा. दोन्ही जवळ ठेवलीत तर सुया एकमेकींनाच ओढतील. स्वस्त होकायंत्राची सुई जोरदार चुंबकाजवळ गेली की तिचे ध्रुव उलटू शकतात आणि रंगवलेलं टोक दक्षिणेकडे वळतं. अशा सुईवरून, मधून रंगवलेल्या टोकाकडे, जोरदार चुंबकाचा दक्षिण ध्रुव दोन-चार वेळा ओढून नेला आणि टोकाशी पोचल्यावर दर वेळी उचलला, की ती बहुतेकदा सरळ होते.

चुंबकांवर छापलेल्या खुणांवर विसंबू नका. पट्टी चुंबक पीळ नसलेल्या दोऱ्याने मधोमध आडवा टांगा, पंखा बंद ठेवा आणि झोके थांबेपर्यंत वाट पाहा. उत्तरेकडे स्थिरावलेलं टोक म्हणजे उत्तर ध्रुव. त्यावर रंगाचा ठिपका द्या. इथेच विद्यार्थ्यांकडून हमखास प्रश्न येतो, तेव्हा उत्तर तयार हवं: विजातीय ध्रुव आकर्षतात, म्हणजे पृथ्वीच्या भौगोलिक उत्तरेजवळ चुंबकीय अर्थाने दक्षिण ध्रुव आहे. कडी आणि चकतीच्या आकाराच्या चुंबकांचे ध्रुव बहुधा सपाट बाजूंवर असतात, काठांवर नव्हे. फ्रिजला चिकटवायच्या लवचिक पट्ट्यांत उत्तर-दक्षिण ध्रुव आलटून-पालटून बारीक ओळींत असतात, म्हणून ध्रुव दाखवायला त्या निरुपयोगी.

ओढलं जाणं हा चुंबक असल्याचा पुरावा नाही. साधं लोखंडही दोन्ही टोकांकडे ओढलं जातं. खात्री देतं ते फक्त प्रतिकर्षण. तेव्हा संचात दोन चुंबकांबरोबर त्याच आकाराचा एक लोखंडी तुकडा ठेवा आणि तिघांतला चुंबक नसलेला कोण, हे ओळखायला सांगा. पदार्थांच्या तुकड्यांत लोखंड, तांबं, अॅल्युमिनियम आणि पितळ पुरे. निकेल मिळालं तर उत्तम. स्टेनलेस स्टीलचे दोन नमुने मात्र आधी तपासून ठेवा: ३०४ प्रकार साधारणतः चिकटत नाही, ४३० चिकटतो आणि ३०४ ला वाकवलेल्या जागी किंचित ओढ जाणवते.

लोहकीस बारीक आणि कोरडा हवा. ओलसर कीस गंजून गोळे धरतो. चुंबकावर थेट कधीही टाकू नका, नंतर तो निघत नाही. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, वर जाड पुठ्ठा किंवा २ मिमी अॅक्रिलिकची तावदानी ठेवा, कीस मिठाच्या डबीतून हातभर उंचीवरून विरळ शिंपडा आणि कडेला बोटाने हलकेच टिचक्या मारा. जास्त कीस पडला की नुसता काळा ढीग होतो. आणखी एक: दिसणाऱ्या ओळी म्हणजे खरोखरच्या सुट्या रेषा नव्हेत. कीसाचा प्रत्येक कण स्वतः छोटा चुंबक बनून शेजाऱ्याला धरतो, म्हणून माळा बनतात. मधल्या रिकाम्या जागेतही क्षेत्र असतंच. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवा.

बलरेषा, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषा, होकायंत्राने काढायच्या असतील तर ए३ कागद टेबलाला चिकटवा, कागदाची मधली रेषा उत्तर-दक्षिण जुळवा आणि चुंबकाची जागा पेन्सिलीने आखा. चुंबकाचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे असला तर उदासीन बिंदू (चुंबकाचं आणि पृथ्वीचं क्षेत्र जिथे एकमेकांना रद्द करतात त्या जागा) त्याच्या पूर्व-पश्चिमेला मिळतात. दक्षिणेकडे असला तर अक्षावर, म्हणजे चुंबकाच्या लांबीच्या रेषेवर. मोठा निओडिमियम (अतिशय जोरदार) चुंबक इथे नको, त्याचे उदासीन बिंदू कागदाबाहेर जातात.

विद्युतप्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते, या १८२० साली हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी दाखवलेल्या परिणामासाठी तार उत्तर-दक्षिण ताणा, सुईच्या बरोबर वर, १ सेंमी अंतरावर. तार पूर्व-पश्चिम ठेवली तर सुई जागची हलत नाही किंवा एकदम उलटी फिरते, म्हणून बरेच जण 'प्रयोग चालत नाही' म्हणतात. १ अँपिअरला त्या अंतरावर २० मायक्रोटेस्ला क्षेत्र मिळतं. सुई वळलेली दिसायला तेवढं पुरतं.

विद्युतचुंबकाला ७ ते ८ सेंमीचा मऊ लोखंडाचा खिळा किंवा बोल्ट, लेप असलेली ०.५ मिमी जाडीची सुमारे ३ मीटर तांब्याची तार, १.५ व्होल्टचा साधा सेल आणि दाबून धरायचा स्विच. तारेची टोकं २ सेंमीपर्यंत पॉलिश पेपरने घासून लेप काढा. तो राहिला की प्रवाहच वाहत नाही. वेढे शंभराच्या आसपास, सगळे एकाच दिशेने. ३ मीटर तारेचा रोध जेमतेम पाव ओहम असतो, त्यामुळे सेल आणि तार दोन्ही तापतात: स्विच एका वेळी पाच सेकंदांहून जास्त दाबू नका आणि लिथियम-आयन सेल तर अजिबात नको. पोलादी खिळा वापरलात तर स्विच सोडल्यावरही टाचण्या चिकटून राहतील.

निओडिमियम चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका. दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंतींना चिमटा बसून छिद्र पडू शकतं. तसं झाल्यास लगेच रुग्णालय गाठायचं. पेसमेकर असलेल्या व्यक्तीपासून निदान १५ सेंमी अंतर ठेवा. हे चुंबक ठिसूळ असतात, एकमेकांवर आदळले की कपच्या उडतात. साध्या श्रेणीचे ८० अंश सेल्सिअसच्या वर कायमचे कमकुवत होऊ लागतात.

संपल्यावर पट्टी चुंबक जोडीने, विजातीय ध्रुव शेजारी येतील असे ठेवा आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाच्या पट्ट्या लावा. निओडिमियम चुंबकांच्या मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घाला. होकायंत्रं वेगळ्या कपाटात.